‘अप’ म्हणजे नेमकं कुठे? एका इंग्रजी दिशादर्शक शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मराठी वाचकांकडून ‘अप’ या शब्दाबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शक्य तिथे भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. ‘अप’ म्हणजे ‘वर’. यात विचारण्यासारखं काय आहे?

मराठीतला ‘वर’ फार कामाचा आहे. पुस्तक टेबलावर, पंखा डोक्यावर, मांजर झाडावर, राग शेजाऱ्यावर, सगळीकडे तोच. इंग्रजीत याच कामासाठी वेगवेगळे शब्द आहेत. टेबलाला टेकलेलं पुस्तक ‘ऑन’, डोक्याला न टेकलेला पंखा ‘अबव्ह’ किंवा ‘ओव्हर’, आणि झाडावर चढून बसलेलं मांजर ‘अप द ट्री’. ‘अप’मध्ये चढण्याची हालचाल असते, नाहीतर चढून पोचल्यावरची जागा असते. नुसत्या टेकण्याशी त्याला कर्तव्य नाही.

दुसरं म्हणजे ‘अप’ नेहमी कशाच्या तरी हिशेबाने असतं. तो हिशेब कधी जमिनीचा असतो, कधी नदीचा, कधी नकाशाचा, कधी राजधानीचा, तर कधी एखाद्या आकड्याचा. वाक्यात तो बोलून दाखवत नाहीत, ऐकणाऱ्याने ओळखायचा असतो. पुढचे निम्मे प्रश्न त्या न सांगितलेल्या हिशेबाचेच आहेत.

2. ‘अप’, ‘अपवर्ड’ आणि ‘अपवर्ड्स’ यांत फरक काय?

रोजच्या बोलण्यात ‘अप’ पुरतं. ‘अपवर्ड’ जरा लेखी वळणाचा आहे आणि त्यात पोचण्यापेक्षा रोखावर भर असतो. ‘शी लुक्ड अप’ म्हणजे तिने मान वर केली. ‘शी लुक्ड अपवर्ड’ म्हणजे तिची नजर वरच्या दिशेला होती. शेवटी ‘स’ लावायची सवय ब्रिटिशांची, न लावायची अमेरिकनांची. पण नामाआधी विशेषण म्हणून आला की दोघांकडेही ‘स’ नाही: ‘ॲन अपवर्ड ट्रेंड’.

‘अपवर्ड्स ऑफ 100 पीपल’ हा मात्र वेगळा वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ शंभराहून जास्त माणसं. ‘अप टू 100’च्या बरोबर उलट, आणि बातम्यांच्या भाषांतरात हे दोन सर्रास एकमेकांच्या जागी बसतात. ‘अप टू’साठी प्रश्न 18 पाहा.

3. ‘आय ॲम गोइंग टू अपस्टेअर्स’ हे चूक का? ‘टू’ तर हवाच ना?

नको. ‘अपस्टेअर्स’ म्हणजे ‘वरच्या मजल्यावर’, त्यातला ‘-वर’ शब्दातच आला आहे. मराठीत आपण ‘वरला जातो’ म्हणत नाही, ‘वर जातो’ म्हणतो, तसंच. ‘डाउनस्टेअर्स’, ‘अपहिल’, ‘अपस्ट्रीम’ यांच्याआधीही ‘टू’ येत नाही. ‘होम’लाही हाच नियम आहे, पण तो दिशादर्शक नसल्याने इथे सोडून देतो.

4. ‘व्हॉट्सअप’ लिहावं की ‘व्हॉट्सॲप’?

ते नाव मुळात श्लेष आहे. ‘व्हॉट्स अप?’ म्हणजे ‘काय चाललंय?’ आणि ‘ॲप’ म्हणजे फोनवरची प्रणाली, हे दोन्ही त्यात बेमालूम मिसळले आहेत. कंपनीचं नाव लिहायचं असेल तर ‘व्हॉट्सॲप’. मित्राला ‘काय रे, काय विशेष?’ विचारायचं असेल तर ‘व्हॉट्स अप?’ आणि त्याचं उत्तर ‘फाइन’ नव्हे. ‘नथिंग मच’ म्हणजे ‘काही नाही, चाललंय’ हे त्याचं ठरलेलं उत्तर आहे.

5. मुंबई लोकलमध्ये ‘अप’ गाडी कुठली आणि ‘डाउन’ कुठली? मेगाब्लॉकच्या बातमीत दर वेळी गोंधळ होतो.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा चर्चगेटकडे जाणारी गाडी अप. तिथून निघून कल्याण, कर्जत, पनवेल, विरारकडे जाणारी डाउन. ‘अप जलद मार्गावर ब्लॉक’ वाचलंत की समजायचं, टर्मिनसकडे जाणाऱ्या जलद गाड्या अडकणार. ट्रान्सहार्बर मार्गावर यांपैकी एकही टर्मिनस नाही. तिथे ठाण्याकडे येणारी गाडी अप धरतात आणि ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी डाउन.

ही पद्धत ब्रिटनमधून आली. तिथे रेल्वेच्याही आधी, घोड्यांच्या टपाल गाड्यांच्या काळापासून लंडनकडे जाणं म्हणजे ‘अप’ आणि लंडनहून दूर जाणं म्हणजे ‘डाउन’. जमीन चढते की उतरते याच्याशी त्याचा संबंध नव्हता. मान ज्या शहराचा मोठा, ते शहर वर. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली ती ग्रेट इंडियन पेनिन्शुला या इंग्रज कंपनीची होती, आणि तिची परिभाषाही इंग्रजी होती. जपानमध्ये रेल्वेवर टोकियोकडे जाणं ‘नोबोरी’, म्हणजे चढणं, आणि टोकियोहून दूर जाणं ‘कुदारी’, म्हणजे उतरणं. राजधानी उंचावर असते ही समजूत एकट्या इंग्रजांची नाही.

उंचीचा संबंध किती नाही हे पाहायचं असेल तर बोरघाट पाहावा. मुंबईहून पुण्याला जाणारी डेक्कन क्वीन, क्रमांक 12123, डाउन गाडी आहे. कर्जत सोडलं की हीच ‘डाउन’ गाडी 37 ला 1 असा चढ चढते, म्हणजे 37 मीटर पुढे गेली की एक मीटर वर. त्यासाठी कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिनं जोडावी लागतात. पुण्याहून येणारी 12124 ही अप गाडी, आणि ती खंडाळ्यापासून कर्जतपर्यंत नुसती उतरत असते.

6. पण कोलकात्यात तर हावड्याकडे येणाऱ्या गाडीला ‘डाउन’ म्हणतात. मग चूक कोणाची?

कोणाचीच नाही. पूर्वेकडे हावडा किंवा सियालदाहून बाहेर पडणारी गाडी अप आणि तिकडे येणारी डाउन, असा मुंबईच्या उलट रिवाज आहे. हावड्याहून कालक्याला जाणारी जुनी कालका मेल ‘1 अप’ होती आणि परतीची ‘2 डाउन’. भारतातल्या रेल्वे वेगवेगळ्या खासगी कंपन्यांनी बांधल्या, आणि कुठून मोजायचं हे ज्याने त्याने ठरवलं.

ब्रिटनमध्येही अपवाद आहेत. मिडलंड रेल्वेचं मुख्यालय डर्बीला होतं, म्हणून तिच्या मार्गांवर ‘अप’ म्हणजे लंडन नव्हे, डर्बी. तेव्हा नव्या गावात फलाटावर ‘अप’ ऐकलंत तर अंदाज बांधू नका, गाडी कुठे चालली आहे ते विचारा.

7. मी रोज पुणे-मुंबई अप-डाउन करतो. हे इंग्रजीत कसं सांगायचं?

‘आय कम्यूट बिट्वीन पुणे अँड मुंबई.’ ‘आय डू अप-डाउन’ हे भारतात कुणालाही कळेल, बाहेर कुणालाही कळणार नाही. इंग्रजीत ‘अप अँड डाउन’ म्हणजे येरझाऱ्या. ‘ही वॉक्ड अप अँड डाउन’ म्हणजे तो खोलीत अस्वस्थपणे फेऱ्या मारत होता. आणि ‘अप्स अँड डाउन्स’ म्हणजे आयुष्यातले चढउतार. मराठी बोलताना ‘अप-डाउन’ खुशाल वापरा, तो आता आपलाच शब्द झाला आहे. पासधारकाला ‘नित्य प्रवास’ म्हणायला लावणं क्रूरपणाचं होईल.

8. ‘अप नॉर्थ’, ‘डाउन साउथ’ म्हणतात, कारण उत्तर दिशा वर असते. बरोबर?

नकाशावर वर असते. जमिनीवर उत्तर दिशा वर नाही आणि खालीही नाही. पण छापील नकाशात उत्तर वरच्या बाजूला ठेवायची पद्धत इतकी रुळली आहे की इंग्रजीने ती बोलण्यात उचलली. नागपूरहून दिल्लीला जाणारा ‘अप टू दिल्ली’ जातो आणि नागपूरहून चेन्नईला जाणारा ‘डाउन टू चेन्नई’.

नकाशाचा हिशेब आणि राजधानीचा हिशेब एकमेकांना भिडले की मजा होते. एडिंबरो लंडनच्या उत्तरेला आहे. तिथला माणूस सहज बोलताना ‘डाउन टू लंडन’ जातो म्हणेल, आणि ज्या रुळावरून त्याची गाडी लंडनला जाते त्याला रेल्वे ‘अप लाइन’ म्हणेल.

तिसरा हिशेब नदीचा. ‘अपर इजिप्त’ म्हणजे उत्तर इजिप्त असं विद्यार्थी हमखास लिहितात. ते दक्षिण इजिप्त आहे. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, त्यामुळे आस्वानचा दक्षिण भाग नदीच्या वरच्या अंगाला येतो आणि कैरोच्या पुढचा त्रिभुज प्रदेश खालच्या अंगाला. कॅनडातही तेच. 1791 ते 1841 या काळातला ‘अपर कॅनडा’ म्हणजे आजच्या ऑन्टारिओचा दक्षिण भाग, आणि तो ‘लोअर कॅनडा’च्या, म्हणजे आजच्या क्युबेकच्या, नैर्ऋत्येला होता. तिथे मोजणी सेंट लॉरेन्स नदीच्या प्रवाहाने होते.

आपण मराठीत बहुतेक वेळा जमिनीचा हिशेब धरतो. कोकणातला माणूस ‘घाटावर’ जातो आणि घाटावरचा ‘खाली कोकणात’ उतरतो. नकाशात ही जायची-यायची दिशा आडवी, पूर्व-पश्चिम आहे. त्यामुळे इंग्रजीतलं नकाशाचं ‘अप’ आपल्याला सवयीने येत नाही, मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं.

9. न्यूयॉर्कमध्ये ‘अपटाउन’ आणि ‘डाउनटाउन’ म्हणजे चढावरचं आणि उतारावरचं गाव का?

मॅनहॅटनमध्ये अपटाउन म्हणजे उत्तरेकडे, डाउनटाउन म्हणजे दक्षिणेकडे. भुयारी रेल्वेच्या पाट्यांवरही हेच शब्द असतात. बेटाच्या दक्षिण टोकाला जुना व्यापारी भाग होता, म्हणून ‘डाउनटाउन’ला ‘शहराचा गजबजलेला मध्यभाग’ हा अर्थ मिळाला आणि तो अमेरिकाभर पसरला. शिकागोचा किंवा ह्यूस्टनचा डाउनटाउन दक्षिणेलाच असेल असं समजू नका.

अमेरिकेतला एक अपवाद मला फार आवडतो. मेन हे राज्य बॉस्टनच्या ईशान्येला, नकाशात वर आहे, पण तिथल्या किनाऱ्याला ‘डाउन ईस्ट’ म्हणतात. बॉस्टनहून निघालेली शिडाची जहाजं तिकडे पूर्वेला जाताना वाऱ्याबरोबर जात, आणि खलाशांच्या भाषेत वाऱ्याबरोबर जाणं म्हणजे ‘डाउन’. परत येताना वाऱ्याशी झगडत यावं लागे, म्हणून तिथली जुनी माणसं ‘अप टू बॉस्टन’ म्हणत.

10. चरित्रात ‘ही वेंट अप टू केंब्रिज’ आणि पुढे ‘ही वॉज सेंट डाउन’ असं येतं. खालच्या वर्गात पाठवलं का?

नाही, काढून टाकलं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही विद्यापीठं स्वतःलाच उंचावर मानतात. शिकायला जाणं म्हणजे ‘गो अप’, सुटीला किंवा शिक्षण संपवून बाहेर पडणं म्हणजे ‘कम डाउन’ किंवा ‘गो डाउन’, आणि गैरवर्तनासाठी हाकलणं म्हणजे ‘सेंड डाउन’. काही काळापुरतं घालवलं तर ‘रस्टिकेट’. निघायचं ठिकाण लंडन असलं तरी केंब्रिज वरच. 1899 मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले र. पु. परांजपे असोत की त्यांच्या वर्गातला लंडनचा पोरगा, दोघेही केंब्रिजला ‘अप’च गेले.

सावधगिरीची सूचना: विद्यापीठाचा संदर्भ नसेल तर ब्रिटिश बोलीत ‘सेंट डाउन’ म्हणजे तुरुंगात रवानगी. भाषांतर करताना मागचा परिच्छेद वाचून मग ठरवा.

11. रस्ता सपाट असतानाही ‘जस्ट अप द रोड’ का म्हणतात? आणि ‘डाउन द रोड’ म्हणजे उलट्या दिशेला का?

सपाट रस्त्यावर दोन्ही बहुतेक वेळा एकच, याच रस्त्याने थोडं पुढे. कुणी चढ धरतं, कुणी गावाचा मध्य, कुणी काहीच धरत नाही. पत्ता विचारताना ‘अप’ किंवा ‘डाउन’वर विसंबू नका, हात कुठे दाखवतात ते बघा.

‘ही केम अप टू मी’ हे मात्र याहून वेगळं आहे. तो माझ्याजवळ आला, अगदी बोलण्याइतक्या अंतरावर. इथे ‘अप’ म्हणजे अंतर संपेपर्यंत जवळ येणं, उंची नव्हे. ‘ही केम टू मी’ म्हटलं तर तो माझ्याकडे आला एवढंच कळतं, सल्ल्याला आला असेल, मदतीला आला असेल.

12. एकांकिकेच्या तालमीत दिग्दर्शक ‘अपस्टेज जा’ म्हणतात. रंगमंच तर सपाट आहे!

आता सपाट आहे. युरोपातल्या जुन्या नाट्यगृहांत रंगमंच प्रेक्षकांकडे उतरता असे, म्हणजे मागच्या रांगेलाही मागचे नट दिसत. त्यामुळे प्रेक्षकांपासून दूर जाणं ही खरोखरच चढण होती. उतार गेला, शब्द राहिले. अपस्टेज म्हणजे मागे, पडद्याकडे. डाउनस्टेज म्हणजे पुढे, प्रेक्षकांकडे.

‘टू अपस्टेज समवन’ म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचं लक्ष स्वतःकडे खेचून घेणं. एखादा नट मागे सरकला की समोरच्याला त्याच्याशी बोलायला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते, आणि चेहरा फक्त मागच्याचा दिसतो. तालमीत हे कोण करतं ते सगळ्यांना माहीत असतं.

13. समालोचक ‘पिच्ड अप’ म्हणतात, चेंडू तर जमिनीवर पडतो.

‘पिच्ड अप’ म्हणजे टप्पा फलंदाजाच्या जवळ पडला, आखूड नव्हता. उलट फलंदाज पुढे सरसावून खेळायला निघाला की तो ‘डाउन द ट्रॅक’ येतो. चेंडू त्याच्याकडे ‘अप’, तो चेंडूकडे ‘डाउन’. हवेतून गेलेल्या फटक्याला ‘अपिश’ म्हणतात, तिथे मात्र ‘अप’ म्हणजे साधं, उंचीचं वर.

14. ‘ईट’ आणि ‘ईट अप’, ‘टेअर’ आणि ‘टेअर अप’ यांत ‘वर’ कुठे आहे?

कुठेच नाही, आणि शोधूही नका. इथे ‘अप’ दिशा सोडून ‘शेवटपर्यंत’ हा अर्थ देतं. मराठी माणसाला हे कळायला फार सोपं आहे, कारण आपल्याकडे याच कामासाठी ‘टाकणे’ आहे. ‘दूध पी’ आणि ‘दूध पिऊन टाक’ यांत जो फरक, तोच ‘ड्रिंक’ आणि ‘ड्रिंक अप’मध्ये. ‘टेअर द लेटर’ म्हणजे पत्र फाड, ‘टेअर अप द लेटर’ म्हणजे फाडून टाक, तुकडे कर. ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणं. ‘ड्राय अप’ म्हणजे आटून जाणं, तिथे ‘टाकणे’ऐवजी ‘जाणे’ येतं, कारण विहीर आपण आटवलेली नसते.

एक सोपी कसोटी आहे. मराठीत त्या क्रियापदाला ‘टाकणे’ किंवा ‘जाणे’ लागून काम तडीस गेल्याचा अर्थ येतो का, ते पाहा. येत असेल तर इंग्रजीत ‘अप’ चालण्याची शक्यता बरी असते. ‘आवडून टाक’ होत नाही, ‘लाइक अप’ही होत नाही. कसोटी दर वेळी लागू पडत नाही. ‘विकून टाक’ होतं, पण ‘सेल अप’ हे अमेरिकेपेक्षा ब्रिटनमध्ये ऐकू येतं आणि त्याचा अर्थ घर-दुकान सगळं विकून मोकळं होणं. ‘विसरून जा’ रोज म्हणतो, ‘फरगेट अप’ मात्र कुठेच नाही.

याच्या शेजारचा आणखी एक अर्थ ‘टर्न अप’, ‘शो अप’, ‘कम अप’मध्ये दिसतो. इथे ‘अप’ म्हणजे नजरेसमोर येणं. मराठीत त्याला ‘उगवणे’ आहे. सकाळी नऊची वेळ देऊन ‘साहेब साडेदहाला उगवले’ म्हणजे ‘ही टर्न्ड अप ॲट हाफ पास्ट टेन’, त्यातल्या चिडीसकट.

15. ‘बर्न अप’ आणि ‘बर्न डाउन’ उलट अर्थाचे का नाहीत? ‘स्लो अप’ आणि ‘स्लो डाउन’ही सारखेच!

कारण ‘अप’ पूर्णत्वाचं आहे (प्रश्न 14) आणि ‘डाउन’ जमीनदोस्त होण्याचं किंवा कमी होण्याचं. घर ‘बर्न्स डाउन’, कारण ते कोसळून जमिनीला मिळतं. कागद ‘बर्न्स अप’, कारण तो जळून संपतो. झाड आधी ‘कट डाउन’ करतात, म्हणजे पाडतात, मग ‘कट अप’ करतात, म्हणजे त्याचे ओंडके पाडतात. क्रम उलटा करता येत नाही.

‘स्लो अप’ बरोबर आहे, पण ‘स्लो डाउन’ जास्त चालतो. तोच वापरा.

16. ‘पिक अप इट’ म्हटलं की शिक्षक ओरडतात. ‘पिक अप द बॅग’ मात्र चालतं. का?

अशा जोडक्रियापदात कर्म नाम असेल तर ते ‘अप’च्या अलीकडे किंवा पलीकडे कुठेही बसतं: ‘पिक अप द बॅग’, ‘पिक द बॅग अप’. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसवावं लागतं: ‘पिक इट अप’, ‘वेक हिम अप’, ‘कॉल देम अप’.

आता खरी मेख. ‘ही रॅन अप अ बिल’ आणि ‘ही रॅन अप अ हिल’ ऐकायला जुळे भाऊ आहेत. पहिल्यात उधारी वाढवली, इथे ‘अप’ क्रियापदाचा भाग आहे, म्हणून ‘ही रॅन इट अप’. दुसऱ्यात टेकडी पळत चढला, इथे ‘अप’ टेकडीला चिकटलेलं शब्दयोगी अव्यय आहे, म्हणून ‘ही रॅन अप इट’. ओळखायचं कसं? खरी चढण असेल आणि ‘कशावर?’ याचं उत्तर पुढच्या नामाने मिळत असेल तर ‘अप’ नामाआधीच राहतं, सर्वनाम आलं तरी.

17. ‘कोप अप विथ’, ‘फिल अप द फॉर्म’, ‘लिफ्ट अप’: यातलं काय चूक?

‘कोप अप विथ’ चूक. ‘कोप विथ’ पुरे. ‘कीप अप विथ’ आणि ‘कॅच अप विथ’च्या संगतीने ते ‘अप’ आलं असावं. अर्जांत आणि बायोडेटात ही चूक सर्वांत जास्त दिसते, म्हणून ही आधी सुधारा.

‘फिल अप द फॉर्म’ भारतात सर्रास चालतं आणि कळतं. परदेशी अर्जात ब्रिटिश ‘फिल इन’ आणि अमेरिकन ‘फिल आउट’ लिहितात. ‘फिल अप’ पेट्रोलच्या टाकीसाठी राखून ठेवा. ‘लिफ्ट अप’, ‘राइज अप’मध्ये ‘अप’ फाजील आहे, पण चूक नाही. भाषणात, प्रार्थनेत, गाण्यात ते शोभतं. कार्यालयीन पत्रात खोडा.

आणि ‘वेक अप’ म्हणजे जाग येणं, ‘गेट अप’ म्हणजे अंथरुणातून उठणं. रविवारी या दोहोंत दोन तासांचं अंतर असू शकतं.

18. ‘अप टू फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरायचा की नाही?

मराठीत ‘शुक्रवारपर्यंत’ म्हटल्यावर जो वाद होतो तोच इंग्रजीत होतो. बहुतेक लोक शुक्रवार धरतात, पण करारात, निविदेत किंवा सुटीच्या अर्जात एवढ्यावर भागवू नका. ‘अप टू अँड इन्क्लूडिंग फ्रायडे’ लिहा, वाद मिटतो.

सेलच्या पाटीवर ‘अप टू 50 पर्सेंट ऑफ’ म्हणजे जास्तीत जास्त 50 टक्के. दुकानातल्या एका कोपऱ्यातल्या चार सदऱ्यांवर 50 आणि बाकी सगळ्यावर 10 टक्के सूट असली तरी पाटी खोटी ठरत नाही. पाटी लिहिणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

दोन्ही शब्द वेगळे लिहायचे, यू-पी नंतर जागा आणि मग टी-ओ. जोडून लिहिलेला शब्द भारतात सरकारी कागदांवरही दिसतो, प्रमाण इंग्रजीत तो नाही. ‘इट्स अप टू यू’ म्हणजे ‘तू ठरव’. ‘व्हॉट आर यू अप टू?’ म्हणजे ‘काय उद्योग चाललेत?’ त्यात संशयाची छटा असू शकते. ती किती, हे विचारणाऱ्याच्या सुरावर.

19. अमेरिकन ग्राहकाने मेल केली, ‘मीटिंग हॅज बीन मूव्ह्ड अप’. म्हणजे पुढे ढकलली ना?

नाही, अलीकडे घेतली. ठरल्यापेक्षा लवकर. अमेरिकेत ‘मूव्ह अप’ म्हणजे लवकर, ‘पुश बॅक’ म्हणजे उशिरा. ब्रिटनमध्ये लवकर घेण्याला ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणतात आणि लांबवण्याला ‘पुट बॅक’. भारतात ‘प्रीपोन’ चालतो आणि तो सर्वांत स्पष्ट आहे, पण परदेशी माणसाला तो माहीत असेलच असं नाही.

सर्वांत घातक ‘मूव्ह फॉरवर्ड’. ‘बुधवारची बैठक दोन दिवस फॉरवर्ड केली’ असं सांगितलं तर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही काही जण सोमवार समजतात, काही शुक्रवार. मानसशास्त्रज्ञांनी याच वाक्यावर प्रयोग केले आहेत. जो स्वतःला काळातून पुढे चालणारा समजतो त्याला शुक्रवार वाटतो, जो काळ आपल्याकडे येतो असं समजतो त्याला सोमवार. आपल्या ‘पुढे’ची गतही काही वेगळी नाही. तेव्हा उत्तर पाठवताना नुसतं ‘नोटेड’ न लिहिता तारीख आणि वार लिहा.

20. ‘टर्न अप द एसी’: गार करायचं की आकडा वाढवायचा?

बहुतेक जणांना गारवा वाढवायचा असतो, पण काही जण रिमोटवरचा आकडा वाढवतात आणि खोली उकडायला लागते. इथे मोजायच्या दोन गोष्टी आहेत, यंत्राचा जोर आणि तापमान, आणि त्या उलट दिशांना जातात. ‘मेक इट कूलर’ किंवा ‘सेट इट टू 24’ म्हणा. पंखा, टीव्हीचा आवाज, गॅसची आच यांच्याबाबत ‘टर्न अप’ निर्धास्त वापरा, तिथे मोजायची गोष्ट एकच आहे.

21. ‘द रोड इज अप’, ‘टाइम इज अप’, ‘द सर्व्हर इज अप’: तिन्हींत ‘अप’ एकच का?

तीन वेगळे. ब्रिटिश पाटीवर ‘द रोड इज अप’ म्हणजे रस्ता खणून ठेवला आहे. ‘टाइम इज अप’ म्हणजे वेळ संपली, हे प्रश्न 14 मधलं पूर्णत्व. ‘द सर्व्हर इज अप’ म्हणजे यंत्रणा चालू आहे. त्याचं विरुद्ध ‘डाउन’, जे बँकेच्या खिडकीवर ऐकून सगळ्यांना पाठ आहे.

22. ‘अप’ क्रियापद होतं का? ‘दे अप्ड द प्राइस’ वाचलं.

होतं. ‘अप्ड द प्राइस’ म्हणजे भाव वाढवला. बोलण्यात आणि बातमीच्या मथळ्यात चालतं, औपचारिक पत्रात ‘रेझ्ड’ लिहावं. त्याहून गमतीचं म्हणजे ‘शी अप अँड लेफ्ट’. इथे ‘अप’ला भूतकाळाचा प्रत्यय लावला तरी चालतो, न लावला तरी चालतो, आणि अर्थ एवढाच, की काही न सांगता-सवरता ती उठली आणि निघून गेली.